हिस्ट्रीवाली

हिस्ट्रीवालीला गप्प बसता यायचं. बोलता येण्याचं सगळे कौतुक करतात. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर बोलण्याचीच नोकरी केली. पण प्रश्न विचारून झाल्यावर न हलता, न खाकरता, मोबाइलकडे न बघता नुसतं गप्प बसणारं माणूस मी एकच पाहिलं. ती विचारायची आणि थांबायची. समोरचा चुळबुळ करायचा, छपराकडे बघायचा, "काय नाय ओ, तसं काय नाय" म्हणायचा. ती थांबलेलीच. शेवटी तो बोलायला लागायचा, आणि एकदा लागला की त्याला आवरणं कठीण. या एका विद्येच्या जोरावर तिने माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच ओटीवर बसून, माझ्याकडून काढून नेला.

भलता अर्थ काढू नका. ती आमच्या लेकीच्या वयाची होती. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात मेसोथेलिओमा नावाच्या आजारावर संशोधन चालायचं, त्या पथकात होती. फुप्फुसाबाहेर जे पातळ आवरण असतं त्याचा हा कॅन्सर. आमच्या ह्यांना उजव्या कुशीत दुखायला लागलं, जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा आधी सगळ्यांनी टीबीच धरला. आमच्या पालघर-बोईसरकडे छातीत पाणी म्हटलं की टीबी, त्यात कुणाला दोष देण्यासारखं नाही. औषधं झाली, पाणी पुन्हा भरलं. मग मुंबईला आवरणाचा तुकडा काढून तपासला आणि हा शब्द घरात आला. ह्यांना तो कधीच नीट म्हणता आला नाही. ते त्याला नुसतं 'मेसो' म्हणत, घरी उतरलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं. "आज मेसो जरा शांत हाय," असं सकाळी सांगायचे.

हा आजार बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होतो. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासातून आत जातात, तिथेच रुततात आणि तीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतात. पण आमचे हे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायच्या कारखान्यात टाइमकीपर. फाटकाशेजारच्या खोलीत बसायचे, कामगारांची कार्डं बघायचे, उशिरा येणाऱ्यांवर डोळे वटारायचे. यंत्राला कधी हात नाही, भट्टीशी संबंध नाही. मग ह्यांच्या छातीत अ‍ॅस्बेस्टॉस गेलं कुठून? ते शोधायला ही यायची. हॉस्पिटलात पेशंट नीट सांगत नाहीत, घाईत असतात, म्हणून घरी येऊन कामाची सगळी हिस्ट्री घ्यायची, हे तिचं काम. म्हणून ती हिस्ट्रीवाली. नाव मी ठेवलं, आणि प्रेमाने ठेवलेलं नाही.

ह्यांनाही ते हवंच होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सांगितलं, "मरायचं तर हायच. पर कशानं मरतोय ते तरी कळू दे मला. तेवडं बगा तुमी." मला हे कधी बोलले नव्हते. मी विचारलं की "तू नको डोक्याला ताप करून घेऊ, बाई" एवढंच. सगळा गाव मला 'बाई' म्हणतो, तसेच हेही म्हणायचे.

ती पहिल्यांदा आली ती बोईसर स्टेशनवरून शेअर रिक्षात कोंबून, घामाघूम, खांद्याला कापडी पिशवी. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. ह्यांच्या आरामखुर्चीसमोर खाली जमिनीवर मांडी घालून बसली. मला वाटलं, नाटकं. मग म्हणाली, "मी वर बसले तर काकांना मान वर करून बोलावं लागते, मावशी. दम लागते त्यांना." इतके महिने मी ह्यांच्याशी उभ्या उभ्या बोलत होते. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तिच्या आलं, याचा मला राग आला.

आणि ते 'काका' आणि 'मावशी'! ती अमरावतीकडची. तिकडे काय पद्धत आहे ती असो, पण आमच्यात काकाची बायको काकू असते. ह्यांना काका आणि मला मावशी म्हटलं म्हणजे आम्हा दोघांचं एकमेकांशी काही नातंच राहिलं नाही. मी तिला हे बोलून दाखवलं. ती हसली, म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." आणि लगेच, "मावशी, पाणी द्याल का थोडं?"

तिचा आवडता प्रश्न एकच होता, "आणि त्याच्या आधी?" बाकीचे डॉक्टर आता कसं वाटतं, उद्या काय करायचं, असं विचारत. हिची गाडी उलटी चालायची. शेवटची नोकरी कोणती? त्याच्या आधी? त्याच्या आधी? लहानपणी घरावर काय होतं? वडील काय करायचे? आमच्या न्हाणीघरावर अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आहेत, ते तिने अंगणात उभं राहून बराच वेळ पाहिले. मी म्हटलं, "त्यानेच झालं असेल." ती म्हणाली, "असू शकते. पण ते सगळ्यांच्या घरावर आहेत ना मावशी. ते शेवटी लिहायचं. आधी काकांच्या जवळचं काही आहे का ते पाहून राहिले मी." काकांच्या जवळचं काय ते हिला सापडणार आणि मला इतक्या वर्षांत सापडलेलं नसणार, हे ती अगदी सहज बोलून गेली.

तिचा वार रविवार. शनिवारी संध्याकाळपासून ह्यांची तयारी सुरू. एरवी दाढीचे खुंट वाढवून बसणारा माणूस रविवारी सकाळी आरसा मागायचा. इस्त्रीचा शर्ट काढायला लावायचा. दम लागत असतानाही डोक्याला तेल. मी चमचा पुढे केला तर दोन घास खाऊन मान फिरवायचे, आणि ती आली की तिच्यासोबत पोह्यांची बशी रिकामी. एकदा फोनवर लेकीशी बोलताना मी हे सगळं रागाने सांगितलं. लेक म्हणाली, "आई, तू जळतेस." मी म्हटलं, "हो, जळते. मग?"

माझ्या परीने मी सूड घेत होते. ह्यांच्या चहात आलं घालायची, तिच्या चहात नाही. दोन वेगळी पातेली ठेवायची त्यासाठी. एका रविवारी तिने कप तोंडाला लावला, थांबली, ह्यांच्या कपाकडे नाक केलं आणि म्हणाली, "मावशी, काकांच्या कपाला आल्याचा वास येऊन राहिला." मी म्हटलं, "त्यांना कफ आहे." ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत गप्प बसली. तो गप्प बसण्याचा मारा माझ्यावर पहिल्यांदाच झाला. पुढच्या रविवारपासून मी एकच पातेलं ठेवायला लागले. पण तिला वाढायची ती सुकटीची चटणी मुद्दाम तिखट करायची. विदर्भातलं माणूस ते. तिला ती फारच आवडली, घरी न्यायला डबी मागितली.

आणि हे काय काय सांगायचे तिला! कारखान्यातल्या सत्यनारायणाच्या पूजेला हे गायचे, हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात ह्यांनी कधी ओळसुद्धा गुणगुणली नाही. नोकरी लागली तेव्हा कामगारांना दरडावायची आतून भीती वाटायची, म्हणून मिशी वाढवली, हेही तिला कळलं. ती मिशी मला आवडायची नाही आणि मी ती काढा म्हणून वर्षानुवर्षं भांडत होते. एकदा तिने विचारलं, "कामावरून सुटल्यावर सरळ घरी यायचात का?" आणि थांबली. बराच वेळ गेला. मग हे म्हणाले, "नाय. नाक्यावर पानाच्या टपरीशी उभा ऱ्हायचो. बाईंची एसटी यायची ना शाळेतनं. ती उतरली का बगायचो. उतरली की मी मागच्या वाटेनं घरी."

मी आत कांदा चिरत होते. सगळं ऐकू आलं. माझं माहेर एडवणचं, पानवेलींच्या वाडीतलं. पानं खाऊन रंगलेली तोंडं मी लहानपणापासून पाहिली होती, आणि लग्नानंतर नवराही तसाच भेटला म्हणून कपाळाला हात लावला होता. टपरीवर उभे असतात म्हणून मी ह्यांच्याशी किती वाद घातले असतील. शर्टाच्या खिशात पांढरं, नखांत पांढरं, डब्याच्या चमच्याच्या बुडाला पांढरं. सगळीकडे तो मेला चुना. आणि हे टपरीवर माझी वाट बघत होते म्हणे. हे मला सांगायचं सोडून त्या अमरावतीच्या पोरीला सांगत होते.

तिची आणखी एक खोड होती. तोंडी वर्णनावर तिचा विश्वास नसे. "करून दाखवा ना काका," म्हणायची. मग हे हवेत कार्ड धरून यंत्रात घालून दाखवायचे, हजेरीचा भोंगा तोंडाने वाजवून दाखवायचे आणि खोकत बसायचे. मला ते पोरकट वाटे. पण ती म्हणायची, "सांगताना माणूस रोजची गोष्ट गाळून टाकते, मावशी. त्याला ती गोष्टच वाटत नाही. हात गाळत नाहीत."

असे बरेच रविवार गेले आणि हाती काही लागेना. ती हिरमुसलेली दिसायची. हे तर फारच. किमोची सलाइनं सुरू झाली होती, अंगातली ताकद जात चालली होती. "नाय सापडायचं, पोरी," म्हणाले एकदा. ती म्हणाली, "काका, सुट्टी राहिली आपली. जेवणाची सुट्टी. सकाळपासून भोंग्यापर्यंत सगळं झालं, मधलं राहिलं. डबा कुठे खायचात?"

"बॉयलरकडं," हे म्हणाले.

"तुमची खोली तर फाटकाजवळ होती. इतक्या लांब कशाला?"

ती थांबली. हेही थांबले. मी ओटीच्या दारात उभी होते, मीही थांबले.

"गरम व्हायला," हे म्हणाले. "बाई सकाळी डबा करायची, तिला तिच्या शाळेत जायचं. दुपारपर्यंत गार व्हायचा. बॉयलरच्या वाफेची पाइपं व्हती ना, त्यावर ठेवला की कसा चुलीवरनं उतरल्यासारका."

"करून दाखवा," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मावशी, काकांचा डबा आहे का तो?"

होता. पोटमाळ्यावरून मी खाली काढला. स्टीलचा, तीन पुडांचा, कडीला दोरा बांधलेला. आत चमचाही होता, मान वाकलेला. ह्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुन्हा वाईट वाटलं. त्यांनी तिला खुर्चीतली उशी आडवी ठेवायला सांगितली. ती उशी म्हणजे पाइप. त्यावर डबा ठेवला तर तो कलंडला.

"आसाच कलंडायचा. पाइप गोल ना. म्हणून मंग आदी ह्ये करायचं." त्यांनी चमचा घेतला आणि उशी खरवडायला लागले. सवयीच्या हाताने, न बघता, जसं मी नारळ खोवते. "पाइपावर पांढरं लिंपलेलं असायचं, लॅगिंग. गरमी भायेर जाऊ नये म्हणून. ते चमच्यानं कोरून डब्यापुरता खड्डा करायचा. सुकलेलं असलं की भुगा उडायचा, फुंकर मारायची. मंग डबा बसवायचा आणि खाली पडलेला एक तुकडा वरनं झाकायचा. गोधडीवाणी. दर थोड्या दिसांनी लोक येऊन पुन्ना लिंपून जायचे, आमी पुन्ना कोरायचो."

त्यांनी फुंकर मारून दाखवली आणि खोकल्याची उबळ आली.

हिस्ट्रीवाली हलली नाही. तिने पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, उबळ जाईपर्यंत थांबली. मग अगदी हळू विचारलं, "रोज?"

"रोज म्हंजे? हिच्या हातचं गार खायचं का?" हे तिच्याकडे बघत म्हणाले. मी दारात उभी आहे हे ते विसरलेच होते. "बोंबलाचं कालवण गार खाल्लं तर त्यात काय ऱ्हायलं? बाकीचे पण ठेवायचे, पर आमच्या डब्याला पैला मान. बॉयलरवाला पांडे, गंगेकाटचा बामण, मासळी शिवायचा नाय. पर भाजीचं पूड उघडलं की म्हणायचा, 'भाभी के हाथ में जादू है.' मी म्हणायचो, तुला काय सांगू."

त्यांनी मला कधीच काही सांगितलं नव्हतं. घरी ताट समोर आलं की "मीठ कमी हाय" किंवा काहीच नाही. सगळी स्तुती त्या बॉयलरपाशी वाटून ते रिकामा डबा घरी आणायचे. मी तो घासायची, चमचा का वाकवलात म्हणून ओरडायची, बुडाचा पांढरा थर चुना म्हणून राखेने काढायची. मी माझा डबा शाळेत गारच खाल्ला, सगळी वर्षं.

मी आत गेले. थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिची ती विद्या सुरू केली. मी पाठ करून उभी होते, तरी मला तिचं गप्प बसणं ऐकू येत होतं. तिला वाटलं असणार, मी स्वतःला दोष देतेय.

ती म्हणाली, "मावशी, डबा गरम खावा वाटणं हा काही गुन्हा नाही. त्या लेपात अ‍ॅस्बेस्टॉस आहे हे सांगणं ज्यांचं काम होतं, त्यांनी सांगितलं नाही. डबा भरणाऱ्याचा यात काय संबंध?"

मी वळले. "ते मला कळतं," मी म्हटलं. "मी शिकलेली आहे. पण हे त्यांनी तुला का सांगितलं? हिच्या हातचं गार खायचं का, हे वाक्य माझं आहे. मला सांगायचं वाक्य आहे ते. ते तुला कसं मिळालं?"

ती उत्तर द्यायला वेळ लावेल असं मला वाटलं होतं. तिने लावला नाही. "मी विचारलं, मावशी," म्हणाली.

त्या दिवशी तिला चहा दिला नाही. तिने मागितलाही नाही.

पुढचं भराभर झालं. बॉयलरपाशी जेवायला कोण कोण बसायचे, ती नावं ह्यांनी आठवून आठवून दिली. पांडे गावी गेलेला, त्याचा फोन कुठून तरी मिळवून ती हिंदीत तासभर बोलली. वाणगावच्या मधूभाऊंकडे मीच तिला घेऊन गेले. ते ह्यांच्या डब्याचे भागीदार. अंगणात खाटेवर बसले होते, आम्हाला बघून आधी घाबरले. मग म्हणाले, "आमी तर रोज कोरायचो ओ. आमाला काय ठाव? खडू कोरल्यासारकं वाटायचं. कोन नको पन नाय बोललं." त्यांना लगेच छातीच्या तपासणीला पाठवलं. आवरण जाड झालेलं निघालं, पण मेसो नाही. तेव्हापासून त्यांना ठरावीक महिन्यांनी बोलावतात, बघत राहतात. निदान त्यांचा दम कुणी टीबीच्या खात्यावर टाकणार नाही.

हे मात्र आजाराचं मूळ कळल्यापासून शांत झाले होते. "डबा निगाला, बाई. आपलाच डबा," असं मला हसत सांगितलं, जणू मी तिथे नव्हतेच. तिच्याबरोबरचे डॉक्टर उपचारांवर काम करत होते. किमोच्या पुढची नवी औषधं, शरीरातल्याच पेशींना कॅन्सर ओळखायला शिकवणारी. ह्यांच्या छातीतून काढलेला तुकडा त्या कामासाठी ठेवायला ह्यांनी आनंदाने सही केली. "म्हंजे शाळाच की पेशींची. आमच्या बाईंना न्या," म्हणाले. ती हसली. म्हणजे ह्यांचं बोलणं तिच्याकडे, हसणं तिच्याकडे, आता तुकडासुद्धा तिच्याकडे. माझ्याकडे पथ्याचं जेवण आणि औषधांच्या वेळा.

एकदा ह्यांनी तिला विचारलं, "नव्या औषदानं मी बरा होईन का?" ती म्हणाली, "नाही काका. वेळ वाढते." "किती?" ती गप्प बसली. तेवढी एकच वेळ अशी होती, की तिला खरंच काही बोलता येत नव्हतं. तिचा चेहरा बघून मला दया आली. पुढच्या रविवारी मी आल्याचा चहा केला, जास्त आलं घालून.

नवं औषध ह्यांना मिळालं. काही महिने बरे गेले. अंगणात खुर्ची टाकून बसायचे, आल्यागेल्याला हाका मारायचे. मग पाणी पुन्हा भरलं आणि या वेळी ओसरलं नाही.

शेवटच्या आठवड्यात मी बोंबलाचं कालवण केलं. त्यांना फार खाता येत नव्हतं, तरी केलं. भातावर थोडं घालून भरवलं, आणि विचारलं, "कसं झालंय?" एरवी मी विचारून पुढे लगेच म्हणायची, 'चांगलं झालंय ना?' किंवा 'सांगा ना, तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?' त्या दिवशी म्हटलं नाही. वाटी मांडीवर ठेवली, खाली जमिनीवर बसले आणि गप्प राहिले. हिस्ट्रीवाली बसायची तशीच. मला ते फार जड गेलं. कुकरची शिट्टी झाली तरी उठले नाही.

बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "मीठ कमी हाय."

मी तरी गप्प.

"पर गरम हाय," म्हणाले. आणि माझा हात धरला.

मला तेवढंच मिळालं. तिला कितीतरी मिळालं होतं. पण हे तिने विचारलेलं नव्हतं, मी विचारलं होतं.

ह्यांचं दिवसकार्य झालं आणि ती पुन्हा आली. पुन्हा ती पिशवी, पुन्हा जमिनीवर मांडी. मला वाटलं, सांत्वनाला आली. ती म्हणाली, "मावशी, आता तुमची हिस्ट्री घ्यायची आहे. डबा कोण घासायचं, शर्ट कोण झटकायचं, ते सगळं. ते तंतू कपड्यांवरून घरीही येतात." माझीही छाती तपासून घेतली. काही निघालं नाही, पण ते पुढेही बघत राहणार आहेत. मग तिने विचारलं, "लग्नाच्या आधी?" आणि थांबली. मी एडवणच्या वाडीपासून सुरू केलं. पानं खुडायची कशी, विहिरीचं पाणी कसं लागायचं, वडिलांनी मला शिकू दिलं त्यावर भाऊबंद काय बोलले. तिला या कशाचाही उपयोग नव्हता. ती तरी ऐकत होती. ऊन उतरलं, दिवेलागण झाली, मी बोलतच होते. जन्मात मला कुणी 'त्याच्या आधी' असं विचारलं नव्हतं. शाळेत मी विचारायची, घरी मी सांगायची. ह्यांना रविवारी आरसा का लागायचा ते मला त्या दिवशी कळलं.

मग तिचं इकडचं काम संपलं. आता ती गुजरातच्या हद्दीपलीकडे, दुसऱ्या औद्योगिक वसाहतीतल्या मराठी कामगारांच्या घरी जाते. निघताना माझ्याकडून सुकटीची चटणी घेऊन गेली. रविवार आला की अजून माझं लक्ष रिक्षाच्या आवाजाकडे जातं. आधी ती येणार म्हणून राग यायचा, आता ती दुसऱ्या कुणाकडे जाणार म्हणून येतो.

परवा तिचा फोन आला, एका कामगाराच्या अंगणातून. म्हणाली, "मावशी, आमच्या प्रश्नांत आता एक नवीन प्रश्न घातला. डबा कुठे गरम करायचात? सगळ्यांना विचारतो आम्ही. आज इथे एक काका निघाले. तेही पाइपवर ठेवायचे. आणि इथल्या काकू आल्याचा चहा काय करतात!"

त्या बाईला काकू, हे मी ऐकलं. चहाचंही ऐकलं. मी पूर्वीसारखीच जळले, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं, अजून जळते म्हणून.

"ते काका सांगत होते तेव्हा त्या काकू कुठे होत्या?" मी विचारलं.

"आत होत्या. स्वयंपाकघरात."

"मग आता घरात जा आणि तिला बाहेर बोलाव," मी म्हटलं. "त्याच्यासमोर बसव. आणि मग त्याला पहिल्यापासून पुन्हा विचार."

ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. फोन कानाला धरून तशीच थांबले. मग पलीकडे तिची चप्पल वाजल्याचं ऐकू आलं, दाराची कडी वाजली, आणि ती कुणाला तरी म्हणाली, "काकू, जरा बाहेर येऊन बसता का?"